मतपेटीत मांजर नसतं

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीटनेटकं केलेलं)

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत पोचतंय ना? माईक जवळ धरला की शिट्टी मारतोय, त्यामुळे जरा लांबच धरतो, फक्त कुणीतरी तो कोपऱ्यातला पंखा एक नंबरने कमी करा.

तर पत्रिकेवर विषय छापलाय, क्वांटम, निवडणूक आणि करमणूक. तीन दिवस झाले, दूध आणायला गेलो तरी लोक विचारतायत, सर, या तिघांचा संबंध काय. संबंध आहे, आणि तो आज सांगायचाच असं ठरवून आलोय. मी झेडपीच्या शाळेत मराठी शिकवलं, फिजिक्सचा माझा अभ्यास बारावीपर्यंतचा, पण २०२५ हे साल संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञानाचं, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या विज्ञानाचं, वर्ष म्हणून जाहीर केलं, कारण हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या १९२५ च्या कामाला शंभर वर्षं झाली, तेव्हापासून मी जे मिळेल ते वाचत सुटलो. आणि मास्तरकी म्हटली की इलेक्शन ड्युटी आलीच. मी आधी पहिला मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष, असा कितीतरी निवडणुका बसलोय, शाळेच्या त्याच वर्गात जिथे एरवी फळ्यावर समास लिहायचो.

आता मला काय खटकतं ते आधी सांगतो. दर निकालाच्या आदल्या रात्री टीव्हीवर कुणीतरी हमखास म्हणतं की मतपेटी म्हणजे श्रोडिंगरचं मांजर आहे बघा, उघडेपर्यंत उमेदवार जिंकलेलाही आणि हरलेलाही. टाळ्या पडतात. आणि मी घरी बसून सोफ्याच्या हाताला बुक्की मारतो.

ते मांजर १९३५ चं. श्रोडिंगर या शास्त्रज्ञाने कल्पना केली की एका पोलादी पेटीत मांजर, सोबत इतकासा किरणोत्सारी पदार्थ की तासाभरात त्यातला एखादा अणू फुटेल किंवा नाही फुटणार, फुटला तर हातोडी पडून विषाची कुपी फुटेल. क्वांटमचं गणित जसंच्या तसं लावलं तर तासाभराने मांजर जिवंत आणि मेलेलं यांचं मिश्रण निघतं. आणि त्याने हे कौतुकाने नव्हतं सांगितलं बरं का, त्याला दाखवायचं होतं की बघा, हे असं मानलं तर किती विचित्र ठिकाणी येऊन पडतो आपण. म्हणजे मूळ मांजर हीच एक तक्रार होती, आणि लोक ती शोभेला वापरतात.

पण मतपेटीत तसं काही नसतं हो. मी स्वतः संध्याकाळी मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचं क्लोजचं बटण दाबलंय, एकूण मतं सतरा सी नमुन्यात भरलीयत, पोलिंग एजंटांच्या सह्या घेतल्यात, मशीन सील करून एसटीत मांडीवर धरून बसलोय. त्या मशीनमध्ये कुणाला किती ते ठरलेलं असतं. तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, पण ठरलंय. गणपतीच्या मूर्तीवर रुमाल टाकला म्हणून आत अर्धा गणपती अर्धी गौर होते का? रुमाल काढेपर्यंत आपल्याला दिसत नाही, एवढंच. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, दिवसभर पारडं इकडे तिकडे होत होतं, पण ते आपल्या डोक्यात होत होतं. मतं तर मोजणी सुरू व्हायच्या आधीच ठरून पडली होती.

मग अजून न ठरलेलं असं काही असतं का? असतं. ते मतदाराच्या मनात असतं, बटण दाबायच्या आधी. आणि तिथे तुम्ही प्रश्न कसा विचारता, कुणादेखत विचारता, कुठल्या क्रमाने विचारता, त्यावर उत्तर तयार होतं. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मला कळला तो आमच्या सोसायटीच्या गणपतीत, तर ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

गाण्याची स्पर्धा होती. सोसायटी कुठली ते सोडा. तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या, त्यांनी कधी स्टेजवर पाय ठेवलेला नव्हता, नातवाने परस्पर नाव दिलं. आता नाव दिलंय तर गाईन म्हणाल्या आणि जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. पेटी नाही, तबला नाही, मांडीवर हात आपटत. पहिल्या ओवीला मुलं मागे पळापळी करत होती, तिसऱ्या ओवीला ती मुलं खाली बसली होती. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती, तिच्या माहेरी जातं होतं म्हणे. मला माझी आई दिसली, आणि ते मी इथे जास्त बोलणार नाही.

पण मतदान कसं? व्हॉट्सॲप पोल! कमिटीने ग्रुपवर पोल टाकला, तोही सुरुवातीलाच, सगळे गायच्या आधी. आता व्हॉट्सॲपचा पोल तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, त्यात हिरवी पट्टी पुढे सरकताना दिसते आणि कुणी कुणाला मत दिलं ते नावासकट दिसतं. पहिला गायला कमिटीतल्याच एका मोठ्या माणसाचा पुतण्या, कॅरिओकीवर, बरा गातो मुलगा, त्याचा यात काही दोष नाही. पण आजी उभ्या राहायच्या आत त्याला एकतीस मतं पडलेली! घरं चाळीस. आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, ती डोळे पुसणारी बाई, तिने आजींच्या नावावर टिक केलं, मग वर बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि टिक काढून पुतण्याला दिलं. मी घरी आल्यावर हिला विचारलं, तू कुणाला दिलंस गं? तर म्हणाली, अहो, द्यायचं होतं आजींनाच, पण नाव दिसतं ना सगळ्यांना, उद्या टाकीच्या पाण्यावरून भांडण झालं की तेच काढतील.

आजींना चार मतं पडली. त्या काही बोलल्या नाहीत, प्रसाद घेतला आणि वर गेल्या.

मी दुसऱ्या दिवशी कमिटीकडे गेलो, म्हटलं हे मतदान नव्हे. ते म्हणाले, सर, सगळं पारदर्शक आहे, यापेक्षा पारदर्शक काय पाहिजे. म्हटलं मोजणी पारदर्शक पाहिजे, मतदार नव्हे! आपल्या देशात १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बहुसंख्य लोकांना लिहितावाचता येत नव्हतं, तर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, त्यावर चिन्ह चिकटवलं, आणि त्या पेट्या आडोशाला ठेवल्या. आडोसा! केवढा खटाटोप केला त्या लोकांनी, हजारो लाखो पेट्या, पण गरिबातल्या गरीब बाईने कुणाच्या पेटीत कागद टाकला ते कुणाला दिसू दिलं नाही. आज तोच आडोसा आम्ही खोक्याचा करतो, त्याच्यामागे माणूस उभा राहिला की मी सगळ्यांना सांगायचो, तिकडे बघू नका. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि ती फक्त त्यालाच दिसते. ती सात सेकंदं मला देवळातल्या गाभाऱ्यासारखी वाटायची, खरंच सांगतो.

पुढच्या वर्षी मी भांडून चपलांच्या खोक्याची पेटी केली, वहीच्या कोऱ्या चिठ्ठ्या कापल्या, सगळ्यांचं गाणं झाल्यावरच वाटल्या. पण तोवर आजी मुलीकडे राहायला गेल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, गाण्याची स्पर्धा ती, एवढं काय. करमणुकीतलं मतदान हलकं समजू नका. २००७ चा इंडियन आयडॉल आठवतोय? प्रशांत तमांग, दार्जिलिंगचा मुलगा, कोलकाता पोलिसात शिपाई. त्याच्यासाठी डोंगरात फॅन क्लब निघाले, लोकांनी वर्गणी काढून एसएमएस केले, समोर शिलाँगचा अमित पॉल, त्याच्यामागे मेघालय. तमांग जिंकला. एका रेडिओवर त्याच्याबद्दल काहीतरी अपमानास्पद बोललं गेलं तर सिलिगुडीत दंगल उसळली. आणि त्या फॅन क्लबच्या लाटेवर बिमल गुरुंग हे तिथले नेते पुढे आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष उभा राहिला, जो पुढे दार्जिलिंगचं राजकारण चालवत होता. म्हणजे बघा, गाण्याला मतं मागता मागता लोकांना कळलं की आपण इतके जण आहोत. मोजलं म्हणून कळलं, आणि कळलं म्हणून ते वेगळेच लोक झाले! हे मला फार मोठं वाटतं. तीच गोष्ट टीआरपीची, निवडक घरांत मीटर, ती घरं कोणती ते गुप्त ठेवावं लागतं, कारण कळलं की...

हो हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. अध्यक्ष, दहा मिनिटांत क्वांटम म्हणजे जरा... बरं, करतो, पटापट करतो.

हे बघा, पोलरॉइडचे तीन तुकडे आणलेत, प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून. ही काच एकाच दिशेत थरथरणारा उजेड पुढे सोडते. दिवे घालवा जरा. ही टॉर्च. एक काच उभी धरली, उजेड येतोय. तिच्यापुढे दुसरी आडवी धरली, काळोख. पहिलीतून जो उजेड सुटला त्यातला दुसरीतून काहीच जात नाही. आता तिसरी काच या दोघींच्या मध्ये तिरकी घालतो, ४५ अंशात. काय झालं? उजेड आला! अडवणारी आणखी एक काच घातली आणि उजेड आला. पहिलीतून आलेल्यातला जवळजवळ चौथा हिस्सा. आणि हीच तिरकी काच मध्ये न घालता मागे धरली तर? काळोखच. त्याच तीन काचा, फक्त क्रम बदलला.

प्रकाश म्हणजे लाट, या हिशोबाने हे समजावता येतं, पण गंमत अशी की प्रकाशाचा एकेक कण, फोटॉन, सुटा सुटा सोडला तरी हेच प्रमाण येतं. काच म्हणजे त्या कणाला विचारलेला प्रश्न. तू उभा का आडवा? आणि मधला तिरका प्रश्न विचारला की आधीचं उत्तर पुसलं जातं, तो नव्याने उत्तर देतो.

मग कुणीही म्हणेल, उत्तर त्याच्या खिशात आधीच असेल, आपल्याला माहीत नसेल, मतपेटीसारखं. आइन्स्टाइनला असंच वाटायचं. १९६४ मध्ये जॉन बेल या माणसाने दाखवलं की हे तपासता येतं. कणांची जोडी दोन दिशांना सोडा, दोन्हीकडे वेगवेगळे प्रश्न विचारा, जर उत्तरं खिशात आधीच असतील आणि ते कण एकमेकांना प्रकाशापेक्षा वेगाने निरोप देत नसतील, तर जुळणीचा आकडा एका हद्दीच्या पुढे जाऊच शकत नाही. क्लाउझर, आस्पे, झाइलिंगर यांनी प्रयोग केले, आकडा हद्द ओलांडून गेला, २०२२ चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे कण एकमेकांना तसे निरोप देत नसतील, तर खिशात चिठ्ठी नव्हती. माहीत नसणं वेगळं आणि ठरलेलं नसणं वेगळं, हा फरक माणसाने प्रयोग करून पकडला, मला तर हे वाचून रात्री झोप आली नव्हती.

आता निवडणूक, धावतच. अमेरिकेत १९९७ साली गॅलप या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने लोकांना दोन प्रश्न विचारले, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक आहेत का, आणि उपराष्ट्राध्यक्ष गोर प्रामाणिक आहेत का. अर्ध्यांना क्लिंटन आधी, अर्ध्यांना गोर आधी. क्लिंटन पहिल्यांदा विचारलं तर ५० टक्के हो म्हणाले, गोरनंतर विचारलं तर ५७. गोर पहिल्यांदा विचारलं तर ६८, क्लिंटननंतर विचारलं तर ६०. माणसं तशीच, प्रश्न तेच, क्रम बदलला. माझ्या काचाच की या! पुढे बुसेमायर आणि वांग या संशोधकांनी अशा सर्व्हेंना क्वांटमचं गणित लावून पाहिलं आणि ते चांगलं बसलं. आपल्या मेंदूत अणूंचं काही क्वांटम चाललंय असा याचा अर्थ नाही हं, ते बाबालोक सांगतात तसलं काही नाही. फक्त न ठरलेल्या मनाचं गणित न ठरलेल्या कणासारखं चालतं.

म्हणून एक्झिट पोलबद्दल मला जे म्हणायचं होतं... ते असं की कायद्याने, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ अ, शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत ते दाखवायला बंदी आहे, आणि ती बंदी फार शहाणपणाची आहे, नाहीतर अख्ख्या देशाचा व्हॉट्सॲप पोल होईल. मतं पडून गेल्यावर दाखवले तरी इतर गोष्टी हलतातच, २०२४ ला १ जूनला एक्झिट पोल आले, ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजारांनी वर, ४ जूनला खरी मोजणी झाली आणि ४,३०० च्या वर अंकांनी खाली. मतपेटी तीच होती, कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आणि ओपिनियन पोल छापताना कुठला प्रश्न आधी विचारला ते सोबत छापा, ही माझी मागणी आहे, संपादकांना दोनदा पत्रं लिहिलीयत, अजून लिहीन. बूथनिहाय मोजणीबद्दल पण बोलायचं होतं, आख्ख्या वाडीने कुणाला मत दिलं ते कळतं त्याने, सगळ्या बूथची मतं एकत्र मिसळून मोजायचं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलेलं आहे, पण ते आता...

दुसरी चिठ्ठी. थांबतो. दिवे लावू नका दोन मिनिटं. काचा पहिल्या रांगेपासून फिरवतोय, मुलांना आधी बघू दे, बोटांचे ठसे पडले तरी चालतील. मोबाईलची टॉर्च लावा. दोन काचा काळोख होईपर्यंत फिरवा, आणि मग तिसरी मध्ये घाला, मागे नाही, मध्ये. तिरकी.