आपल्या पाट्यांवरचा ‘ळ’

(धुळ्यात कलाविद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, फळ्यावर आपल्या भागातली काही गावं लिहिली आहेत. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ, पारोळा. सगळ्यांत ‘ळ’ आहे. अहिराणीत आपण ‘जयगाव’, ‘धुये’ म्हणतो, तेव्हा तो जिभेवरून निघून जातो. पाटीवर मात्र तो लागतोच. दुकानांच्या पाट्या आणि पत्रिकांचे मथळे यांच्यासाठी मी जुन्या वळणाचा एक शोभेचा टाइप, म्हणजे छापायच्या अक्षरांचा संच, आखतो आहे. सुरुवात या ‘ळ’पासूनच केली.

जुनं वळण म्हटलं की आपण लगेच इंग्रजी नमुना समोर घेतो. इटलीतल्या बोदोनी या जुन्या मुद्रकाची अक्षरं, जाड दंड आणि शेजारी केसासारखी रेघ, मलाही फार आवडतात. पण रोमन अक्षराच्या वर-खाली बरीच जागा मोकळी असते, तिथे वेल काढली तरी वाचणारा अडत नाही. आपल्याकडे ती जागा आधीच कामाला लागलेली आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. ‘क’च्या पायाशी हौसेनं शेपटी काढाल, तर लोक ‘कु’ वाचतील.

आमच्या घरच्या एका लग्नपत्रिकेत हे मी सोसलं आहे. नावं शोभेच्या टाइपात छान दिसली, पण छापणाऱ्यानं मुहूर्त आणि पत्ताही त्याच टाइपात बारीक करून बसवला. वळसे एकमेकांत मिसळले, १ आणि ९ सारखेच दिसू लागले, आणि यावलच्या आजोबांना वेळ विचारायला फोन करावा लागला. शोभेचा टाइप दोन-चार शब्दांसाठी, मोठ्या आकारात वापरायचा. मजकुराला साधाच टाइप हवा.

मग शोभा आणायची कुठून? बोरूतून, म्हणजे तिरक्या कापाच्या जुन्या लेखणीतून. देवनागरी बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट बाजूला तिरका असतो, म्हणून आपला जाड-बारीकपणा वेगळ्या जागी पडतो. इथल्या समर्थ वाग्देवता मंदिरातल्या पोथ्या याच नजरेनं पाहा. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरूंनी कोरलेली अक्षरंही पाहा. ती वाचनाची अक्षरं आहेत, नक्षी नाही, तरी किती देखणी! कारण बोरूचं वळण त्यांनी पोलादाच्या ठशात जिवंत ठेवलं.

म्हणून मी बाहेरून काही चिकटवत नाही. अक्षराचा जो अवयव आहे, त्यालाच वाढवतो. ऱ्हस्व वेलांटीची कमान पुढच्या अक्षराच्या रुंदीप्रमाणे कमी-जास्त करतो. आता फॉन्टमध्ये एकाच वेलांटीचे अनेक आकार ठेवता येतात, अक्षर पाहून योग्य तो आपोआप येतो. ‘ह’ची शेपटी लांबवता येते, पण ती शब्दाच्या शेवटी असेल तरच. मध्ये असेल तर शेजारच्या उकाराला भिडते.

आणि ‘ळ’? त्याच्या दोन वाट्या. दोन्ही सारख्या केल्या की तो शिक्क्यासारखा निर्जीव दिसतो. डावी किंचित लहान, उजवी थोडी भरलेली, आणि रेघ आत वळताना हळूहळू बारीक, हे मला पटलं आहे. ‘भुसावळ’मध्ये तो शेवटी येतो, तिथे उजवी वाटी मोकळी सोडता येते. ‘अमळनेर’मध्ये मात्र पुढे लगेच ‘ने’ आहे. त्यासाठी आवरलेला दुसरा ‘ळ’ काढतो आहे. आतापर्यंतचे अकरा आराखडे त्या टेबलावर आहेत. पेन्सिल घेऊन या, आणि जिथे खटकेल तिथे थेट कागदावरच दुरुस्त करा.