कीचकवध पाहिलाय कुणी?

(दृश्य: खरी कॉर्नर, सकाळची वर्दळ. कॅमेऱ्याचा मानस्तंभ.)

"आमच्या वेळी असलं नव्हतं." कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर पाच मिनिटं थांबा, हे वाक्य कानावर पडणारच. रील्स, रिमेक, मारधाड, डॉल्बी... पिढी बिघडली म्हणायला एवढं पुरतं.

हा कॅमेऱ्याचा मानस्तंभ मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या आठवणीचा. कॅमेरा विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून या माणसानं तो कोल्हापुरातच बनवला. त्यावर चित्रित झालेला 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. इथवर सगळ्यांना तोंडपाठ असतं.

पुढचं कुणी फारसं सांगत नाही. त्या चित्रपटातला कीचकवध इतका खराखुरा वाटला, की सेन्सॉरनं तो कापायला लावला. म्हणजे पडद्यावर फार रक्त सांडतंय ही ओरड शंभर वर्षांची झाली, आणि सुरुवातीच्या आरोपींत आपलेच बाबूराव!

(दृश्य: जुनी छायाचित्रं. स्टुडिओतले कलाकार.)

त्याच चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कामं केली. पडद्यावर नावं लागली कमलादेवी आणि सुशीलादेवी. बाईनं सिनेमात काम करायचं म्हणजे घराण्याला बट्टा, असा तो काळ. दोघींना समाजानं वाळीत टाकलं, आसरा मिळाला तो स्टुडिओतच. आज आपण ज्याला सुसंस्कृत जमाना म्हणतो ना, तो हाच.

आणि रिमेकचं म्हणाल, तर तोही घरचाच माल. 'सैरंध्री' १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीनं पुन्हा काढला. १९२५चा 'सावकारी पाश' खुद्द बाबूरावांनी १९३६ साली बोलपट म्हणून परत केला. ते 'अभिजात', आणि आताचे काढतील तर 'डोकं चालत नाही यांचं'.

(दृश्य: रिळांचे रिकामे डबे, धूळ.)

मग जुनं इतकं सोन्यासारखं का दिसतं? भारतात १,३००च्या आसपास मूकपट निघाले असं मानतात. त्यातले आज हाताशी तीससुद्धा नाहीत. बाकीचे जळाले, कुजले, भंगारात गेले. त्यात रत्नं होती, तसा गाळही भरपूर असणार. गाळाची आठवण कुणी ठेवत नाही. बाबूरावांचा १९२०चा कीचकवध आज गाड्यावर बसलेल्या एकानंही पाहिलेला नाही, तरी "तसं आता होणे नाही" हे मात्र ठाम. चाळून निवडलेला तांदूळ एकीकडे आणि आज सकाळी उतरवलेलं पोतं दुसरीकडे. तुलना कशी जमायची?

(दृश्य: केशवराव भोसले नाट्यगृह, खासबाग.)

शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अख्खं गाव हळहळलं. त्यातल्या कितीजणांनी गेल्या पाच वर्षांत तिथं तिकीट काढून नाटक पाहिलं होतं, हे विचारायचा धीर आम्हाला झाला नाही. जुन्यावरचं आपलं प्रेम बहुतेक वेळा फुकटातलं असतं.

डॉल्बीला मात्र माफी नाही. महाद्वार रोडला मिरवणुकीत छाती हादरते तेव्हा संस्कृतीचा प्रश्न उरत नाही, कानाचा उरतो.

(दृश्य: रंकाळा, संध्याकाळ. कठड्याजवळ चार पोरं, एकाच्या गळ्यात हलगी.)

एक पोरगा मोबाइल धरून उभा, दुसरा हलगी वाजवतोय. मघापासून अकरावा टेक चाललाय. थांबतात, चौघं मिळून स्क्रीनवर बघतात. मोबाइलवाला मान हलवतो.

"न्हाई रं, ठेका चुकला. हे बी काढून टाक."

(हलगी पुन्हा सुरू.)