फाल्गुनात अंजनेरीच्या कड्यावर

नमस्कार नाशिककर मंडळी.

अंजनेरी आपल्यापैकी बहुतेकांनी केलाय. पायऱ्या चढायच्या, अंजनीमातेचं दर्शन घ्यायचं, तळ्याकाठी डबा सोडायचा आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं, हा आपला शिरस्ता. माझं आज एवढंच मागणं आहे की फाल्गुनात एकदा ऊन तापेपर्यंत वर थांबा. शिकारी पक्ष्यांचा दिवस तेव्हाच सुरू होतो.

याचं कारण आपल्या काळ्या कातळात आहे. नऊ-साडेनऊनंतर तो तापायला लागतो, त्याला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि वर चढते. गरुड, गिधाडं ही जड अंगाची. सतत पंख मारत राहणं त्यांना परवडत नाही. ती या चढत्या हवेत शिरतात, पंख ताठ पसरून घिरट्या घालत उंच जातात, आणि तिथून तिरकं घसरत पुढचा असाच झोत गाठतात. वारा कड्यावर आदळत असेल तर तोही वर वळतो. मग कड्याच्या धारेवर आयतीच उचल मिळते.

फाल्गुनात हिवाळ्याचे पाहुणे शिकारी पक्षी याच चढत्या हवेवर स्वार होऊन उत्तरेकडे परत निघतात. आता हे जाणारे कोण? हिवाळाभर येवल्याकडच्या ममदापूरच्या गवताळ रानात नाकतोडे आणि उंदीर टिपणारे भोवत्या (इंग्रजीत हॅरियर). नांदूरमधमेश्वरच्या पाणवनस्पतींवरून अगदी कमी उंचीवर उडणारे दलदली भोवत्या. गावाबाहेर मेलेल्या जनावरांजवळ दिसणारे स्टेप गरुड. माँटेग्यूचा भोवत्या ही यांतलीच एक जात; त्यांना गुजरातेत वेळावदरला उपग्रहाचे टॅग लावले गेले, तेव्हा कळलं की ते राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात घरटी करायला जातात. नाशिकपासून धरलं तर तीन हजार किलोमीटरहून जास्त. स्टेप गरुडाची वाटही उत्तरेचीच, आणि २०१५ पासून तो जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जातो. आपल्या डोक्यावरून जाणारा प्रत्येक गरुड म्हणून मोलाचा.

डोंगरावर बसायचा खरा फायदा वेगळाच आहे. खालून आपल्याला पक्ष्याचं पोट दिसतं, तेही आकाशाच्या उजेडात काळपट. कड्यावरून तोच पक्षी आपल्या पायाखालून जातो आणि त्याची पाठ दिसते. भोवत्याची मादी दरीतून वर आली की शेपटीच्या मुळाशी असलेला पांढरा पट्टा लख्ख चमकतो. पंख ती इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचलून धरते, एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर कलते. आणि खरूची, म्हणजे केस्ट्रेल हा छोटा ससाणा! वाऱ्याला तोंड देऊन ती धारेवर जागच्या जागी उभी राहते. पंख फडफडतात, शेपटी पंख्यासारखी उघडते-मिटते, पण डोकं? ते तसूभरही हलत नाही. नजर खालच्या गवतातल्या सरड्यावर. मला विचाराल तर एवढ्यासाठीसुद्धा चढावं.

पण नुसतं बघून भागणार नाही, मोजायला हवं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. लोक तिथे चढून, वरून जाणाऱ्या ससाण्या-गरुडांना हौसेने गोळ्या घालत. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगर राखून ठेवला आणि तिथे शरद ऋतूत जाणारे पक्षी रोज मोजणं सुरू झालं. १९३५ ते ३९ या काळात तिथून गेलेल्या टकल्या गरुडांपैकी ४० टक्के त्याच वर्षीची पिल्लं होती. १९५५ ते ५९ मध्ये ती २० टक्क्यांवर आली. गरुड दिसत तर होते, पण पिल्लं वाढत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकाचा हा परिणाम जगापुढे मांडताना हेच आकडे कामी आले. आपल्याकडे भरतपूरला पक्षीतज्ज्ञ विभू प्रकाश यांनी गिधाडांची घरटी मोजलेली होती, म्हणूनच ती किती झपाट्याने संपताहेत हे दाखवता आलं. पुढे कारण सापडलं, जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध, आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

म्हणून वही न्या. जागा एकच ठेवा, वेळ एकच ठेवा. तारीख, वाऱ्याची दिशा, ढग, पक्षी कुठून आला, कुठे गेला. ओळखता नाही आला तर ‘मोठा गरुड’ एवढंच लिहा, ओढूनताणून नाव देऊ नका. आणि काहीच दिसलं नाही त्या दिवशी शून्य लिहा. पुढे तुलना करणाऱ्याला त्या शून्याशिवाय हिशेब मांडता येत नाही.

एक काळजी मात्र घ्या. अंजनेरीच्या कड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत, आणि नेमक्या याच महिन्यांत त्यांत पिल्लं असतात. घरट्याच्या वरच्या धारेवर जाऊन वाकून बघू नका, ड्रोन उडवू नका. बाजूच्या सोंडेवर, जिथून कडा समोर दिसतो तिथे बसा. घार आणि गिधाड वर चढायला लागली की दुर्बीण त्यांच्यावर धरा. उत्तरेकडे निघालेला पाहुणा बहुतेकदा त्यांच्याच घिरट्यांत सापडतो.