स्टुडिओतलं वाळवंट: '२००१: अ स्पेस ओडिसी'

हे वाळवंट नीट बघून घ्या. उजाड खडक, मोकळं आभाळ, पाणवठ्यावरून भांडणारे वानरमानव. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट १९६८ साली आला. त्यातल्या यानांचं कौतुक सगळेच करतात. आम्हाला विचाराल तर खरी करामत या सुरुवातीच्या प्रसंगात आहे.

छायाचित्रकार नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात जाऊन तिथली स्थिरचित्रं घेऊन आले: ८ बाय १० इंचांच्या पारदर्शिका, म्हणजे उजेड आरपार जाऊन पडद्यावर दाखवता येतील अशी चित्रं. नटांचं शूटिंग झालं लंडनजवळ, बोरहॅमवूडच्या स्टुडिओत.

नटांमागे ४० फूट उंच पडदा. त्यावर स्कॉचलाइट, म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या रात्री हेडलाइटमध्ये ज्याने उजळतात ते. त्यातले काचेचे बारीक मणी प्रकाश आला त्याच वाटेने परत धाडतात. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा, आणि बाजूला काटकोनात त्या पारदर्शिका दाखवणारा प्रोजेक्टर. चित्र आरशावर आपटून पडद्याकडे वळतं. परतताना त्याच आरशातून आरपार लेन्समध्ये शिरतं.

नटांच्या अंगावरही चित्र पडतंच. पण केसाळ पोशाख तो प्रकाश चहूकडे विखरून टाकतो आणि सेटवरच्या दिव्यांपुढे उरलासुरला दिसतही नाही. सावली? तीही पडते, पण नटाच्याच आड लपते. त्यासाठी लेन्स आणि प्रोजेक्टरचा अक्ष तंतोतंत जुळायला हवा. केसभर चुकलं की नटाभोवती काळी कड उमटते.

पडद्याने वेगळाच ताप दिला. स्कॉचलाइटचे सगळे तक्ते सारखे चकाकत नाहीत, त्यामुळे आभाळात सांधे दिसू लागले. मग त्याचे वेडेवाकडे तुकडे फाडून कसेही चिकटवले. सांधे गेले, ठिगळं राहिली. चांगल्या प्रतीत आभाळ निरखलंत तर अजून सापडतील.

आता हा बिबट्या. पुढ्यातला झेब्रा म्हणजे रंगवलेला मेलेला घोडा. बिबट्याचे डोळे मात्र खरोखर लखलखतायत, प्रोजेक्टरच्या उजेडाने! त्याच्या डोळ्यांमागचा थर पडद्यासारखाच प्रकाश उलटा फेकतो. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. कुब्रिकने ठेवलं, हे बरं केलं.

या पद्धतीत सगळं एकदा जुळवलं की कॅमेरा जागचा हलवायची सोय नाही, म्हणून हे शॉट असे निश्चल. मागे छायाचित्र, त्यामुळे ढगही सरकत नाहीत. हाडाने कवटी फोडण्याचा शॉट तेवढा स्टुडिओबाहेर, उंच चौथऱ्यावर घेतला. कॅमेरा खालून वर रोखायचा होता, आणि मागे आभाळाखेरीज काही लागणारच नव्हतं.