शिकागो, गर्भ आणि मजुरी

कॅथलिक शिकवण आणि अमेरिकेचे पक्षीय राजकारण यांचे कधीच पूर्ण न जुळलेले नाते पाहायचे असेल, तर शिकागोइतके सोयीचे गाव दुसरे नाही. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरवला. त्यानंतर तीनच वर्षांनी शिकागो परिसरातून निवडून आलेले रिपब्लिकन कॅथलिक खासदार हेन्री हाइड यांनी गरिबांच्या ‘मेडिकेड’ या आरोग्ययोजनेतला केंद्राचा पैसा, मोजके अपवाद वगळता, गर्भपातासाठी वापरण्यास बंदी घालणारी दुरुस्ती संमत करून घेतली. ही तरतूद दरवर्षी खर्चाच्या विधेयकाला नव्याने जोडली जाते. तेव्हा गर्भपाताचा कायदा एकीकडे आणि अर्थकारण दुसरीकडे, असे मानणाऱ्यांनी निदान ती विधेयके चाळून पाहावीत.

याच शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी ६ डिसेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठातील व्याख्यानात वेगळी मांडणी केली. जे गर्भातील जिवाच्या हक्कासाठी उभे राहतात, त्यांनी भुकेले, बेघर, बेकार आणि कागदपत्रे नसलेले स्थलांतरित यांच्यासाठीही तितकेच ठळकपणे उभे राहिले पाहिजे, आणि ही भूमिका करधोरण, रोजगार व आरोग्यसेवा यांपर्यंत नेली पाहिजे, असा तिचा आशय होता. या मांडणीला बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील येशूच्या बिनशिवणीच्या, म्हणजे एकसंध, अंगरख्याची उपमा चिकटली. सगळे प्रश्न सारख्याच वजनाचे आहेत, असे बर्नार्डिन म्हणाले नव्हते. टीकाकारांनी मात्र नेमके तेच त्यांच्या तोंडी घातले. गर्भपाताला पाठिंबा देणाऱ्या पुढाऱ्यांना या मांडणीमुळे आडोसा मिळतो, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. परंतु आडोसा घेणाऱ्याचा दोष मांडणीच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

मजुरीचा धागा याहून जुना आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी खासगी मालमत्तेचे समर्थन करतानाच कामगारांचा संघटनेचा हक्क आणि कुटुंब पोसता येईल असे वेतन यांचा आग्रह धरला होता. त्याच वाटेने जाऊन अमेरिकन बिशपांनी १९८६ च्या आर्थिक न्यायावरील पत्रात सहा-सात टक्के बेकारी अपरिहार्य मानण्यास नकार दिला, तेव्हा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आर्थिक धोरणाचे समर्थन करणारे कॅथलिक नाराज झाले.

२०२२ मध्ये न्यायालयाने १९७३ चा निकाल रद्द केला आणि प्रश्न राज्यांकडे गेला. वाद मात्र शमला नाही. २०२५ मध्ये शिकागोचे कार्डिनल क्युपिच यांनी स्थलांतरितांसाठीच्या कामाबद्दल डेमोक्रॅट सिनेटर डिक डर्बिन यांचा गौरव करण्याचे ठरवताच, डर्बिन गर्भपाताच्या हक्काचे समर्थक असल्याने काही बिशपांनी जाहीर विरोध केला. शिकागोतच जन्मलेले पोप लिओ चौदावे यांना याविषयी विचारले असता, गर्भपाताला विरोध करणारा पण फाशीला पाठिंबा देणारा माणूस खऱ्या अर्थाने जीवनाचा पक्षधर ठरत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. डर्बिन यांनी तो पुरस्कार स्वीकारला नाही.