दोघांनाही न येणारं

(दृश्य : वेताळ टेकडी, सकाळ. आभाळ भरून आलेलं. लांबून पावश्याचा आवाज.)

मे महिना संपत आला की पुण्याच्या टेकड्यांवर पावश्या ओरडू लागतो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा.’ आमच्याकडं पेरायला काही नाही. वारज्यात वन बीएचके, त्याचा हप्ता, नवऱ्याची नोकरी हिंजवडीत आणि माझी खराडीत. म्हणजे शहराची दोन टोकं. आठवडाभर आमची नीट भेट होते ती रात्री नऊनंतर, आणि तेव्हा विषय असतात दूध, गॅस आणि सोसायटीचा पाण्याचा टँकर.

हा व्हिडिओ उरलेल्या वेळाचा आहे, आणि त्या वेळात आम्ही दोघं मिळून काय काय शिकलो त्याचा.

लग्न झाल्यावर आम्हीही सगळे करतात तेच केलं. एकमेकांच्या आवडीत शिरून पाहिलं. नवरा कॉलेजपासून डोंगर चढणारा. तो मला राजमाचीला घेऊन गेला. वाट सोपी, हवा छान, पण दिवसभर माझ्या कानावर एकच घोष : पाय आडवा टाक, गुडघ्यावर जोर नको, पाणी आत्ता नको पिऊस. संध्याकाळपर्यंत मी बायको उरलेच नव्हते, शिबिरातली मुलगी झाले होते. मग मी उट्टं काढलं. मी लहानपणापासून गाणं शिकलेली. त्याला समोर बसवलं, मोबाइलवर तानपुरा लावला आणि म्हटलं, लाव सा. थोड्याच वेळात तो म्हणाला, “तू माझ्याकडं बाईंसारखी बघतेयस.” बघत होतेच.

त्यातून आमच्या घरचा नियम निघाला. जे करायचं ते दोघांनाही न येणारं हवं, आणि शिकवणारा तिसराच कुणीतरी हवा. एकाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही, अशी गोष्ट घरात आणली की घरात गुरुजी तयार होतात. गुरुजींशी संसार करणं अवघड.

(दृश्य : एकच दुर्बीण, दोघांच्या हातांत आळीपाळीनं.)

सगळ्यात आधी दुर्बीण घेतली. दोघांत एक. दोन घेतल्या असत्या तर भांडणं कमी झाली असती, पण मग दोघं दोन झाडांकडं बघत बसलो असतो.

वेताळ टेकडी हे पुणे शहरातलं सर्वांत उंच ठिकाण. सकाळी तिथं धावणारे असतात, कुत्री घेऊन आलेले असतात, आणि गळ्यात दुर्बीण अडकवून हळूहळू चालणारे काही काका असतात. ते कुणालाही शिकवतात, फक्त त्यांच्याजवळ गप्प उभं राहता आलं पाहिजे. सुरुवातीला आम्हाला सगळेच पक्षी तपकिरी दिसायचे. मग कोतवालाची दुभंगलेली शेपटी कळली. तारेवर बसून हवेत झेप घेणारा, माशी पकडून पुन्हा त्याच जागी येणारा वेडा राघू कळला. हळूहळू असंही कळलं की नवऱ्याला हालचाल आधी दिसते आणि मला आवाज आधी ऐकू येतो. तो म्हणतो, “तिकडं काहीतरी आहे.” मी म्हणते, “काय आहे ते मला माहितीय, पण कुठं आहे?” अशी दोन माणसं मिळून एक बरा पक्षिनिरीक्षक होतो.

आमच्या सोसायटीमागच्या पिंपळातून दुपारभर ‘टुक टुक टुक’ असा आवाज यायचा. कुणाची तरी मोटर बिघडलीय असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. टेकडीवरच्या काकांनी दाखवला तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर तांबडा ठिपका. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. घरी येऊन पिंपळाखाली उभे राहिलो तर खरंच तोच. आवाज काढताना चोच मिटलेली, आणि गळा मात्र प्रत्येक ‘टुक’ला फुगतोय.

या टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढायचा प्रस्ताव आहे. 2023 मध्ये त्याविरुद्ध पुणेकरांनी मोर्चा काढला. टेकडीवर फिरायला लागल्यावर पेपरातली ही बातमी एकदम आपल्या घरची वाटायला लागते.

हिवाळ्यात भिगवणला जायचं. उजनी धरणाचं पसरलेलं पाणी, गावातल्या मच्छीमारांच्या नावा, आणि दूरवर गुलाबी रेघ दिसते ती रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब नावाचे रानहंसही तिथं भेटतात. त्यांच्यापुढं आमचं हिंजवडी-खराडी काहीच नाही.

(दृश्य : पोहण्याचा तलाव. काठाला धरून पाय मारणारे नवशिके.)

पोहणंही शिकलो. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नाकात पाणी जातं. दोघांच्याही जातं, एवढं समाधान.

मातीची भांडी करायच्या वर्कशॉपलाही गेलो होतो. तिथं फोटो उत्तम येतात. चाकावर हात शिकवणाऱ्याचे, माती त्याची, भाजणार तोच, आणि आपण पैसे भरून एक वाकडी वाटी घरी आणतो. जोडप्यांसाठी म्हणून हल्ली जे जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं असंच. दोन तासांत यायला लागतो तो छंद नव्हे, ती खरेदी.

(दृश्य : लाकडी बाकं. फळ्यावर मोडी बाराखडी. वहीवर बोरूची लेखणी चालतेय.)

मोडी लिपीचं मात्र वेगळं. ती यायला वेळ लागतो, आणि मध्येच सोडून द्यावी असं निदान चारदा तरी वाटतं.

निमित्त होतं सासूबाईंच्या घरातली पत्र्याची ट्रंक. सातारा जिल्ह्यातलं गाव, जुनं घर, आणि ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेले कागद. ते वाचता येणारे शेवटचे माणूस म्हणजे नवऱ्याचे आजोबा. त्यांच्या पिढीनं शाळेत मोडी गिरवली होती. छपाईत बाळबोध, म्हणजे देवनागरी, आली, तिथं मोडी गैरसोयीची पडली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेतूनही गेली. आजोबा गेल्यावर ते कागद म्हणजे नुसती नक्षी.

पुण्यात मोडीचे वर्ग चालतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी खं. चिं. मेहेंदळ्यांच्या साथीनं 1910 साली जे भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, तिथंही होतात. वर्गात कोण कोण असतं? निवृत्त बँकवाले, वकील, इतिहासाचे विद्यार्थी, आणि आपल्या घराण्याची नोंद शोधणारे. 2023 मध्ये कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरं वाचायला मोडीचे जाणकार शोधावे लागले. तोवर हौशी म्हणून पाहिली जाणारी लिपी एकदम तहसील कचेरीत हवीशी झाली.

मोडी लिहायची पद्धत अशी. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या. मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचं, बोरू होईल तेवढा कमी उचलायचा. शब्द कुठं संपला हे सांगणारी जागा नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. र तर शेजार पाहून रूप बदलतो. मग वाचायचं कसं? सर म्हणाले, “आधी अक्षर, मग अदमास.”

इथं दोघं असण्याचा फायदा. नवरा अक्षरं लावतो, मी कान देऊन बसते. “मौ… जे… म… ज… कू… र,” असं तो चाचपडत म्हणतो, आणि माझ्या डोक्यात एकदम पडतं, मौजे मजकूर! म्हणजे वर ज्याचं नाव येऊन गेलं तेच गाव. एकटं बसलं तर अक्षरात अडकायला होतं. एकानं नुसतं ऐकायचं ठरवलं की शब्द सुटतात.

(दृश्य : पिवळा पडलेला कागद, घडीवर फाटलेला. बोट ओळीवरून सरकतंय.)

फडक्यातला पहिला कागद आम्ही पूर्ण वाचला तो गहाणखत निघाला. शके 1821. म्हणजे 1899. दख्खनेत दुष्काळ होता ते वर्ष. नवऱ्याच्या खापरपणजोबांनी एक शेत गहाण टाकलेलं. खाली चतुःसीमा : पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस विहीर. दक्षिणेच्या शेजाऱ्याचं नाव घडीवरच फाटलेलं. नवरा ‘ओढा’ या शब्दावर बोट ठेवून थांबला. लहानपणी तो ज्या ओढ्यात खेकडे पकडायचा, तो हाच. शेताचा मात्र घरात कुणी कधी उल्लेखही केलेला नव्हता. सुटलं नसावं ते. नावाखाली सही नाही, निशाणी आहे नांगराची. शेतकऱ्याची निशाणी नांगर, हे सरांनी वर्गात सांगितलं होतं. पण आपल्याच घरच्या कागदावर, शाईनं काढलेला तो इवलासा वाकडा नांगर बघितल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

सासूबाईंना फोन करून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आता सातबारा कुणाच्या नावावर आहे?”

आमच्या या उद्योगांवर त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं. “एवढा वेळ आहे तर पाळणा हलू दे की.” कधी हसून, कधी न हसता. मी म्हणते, “आई, बघू.” त्या पुढं ओढत नाहीत, पण मोडीचा कागद वाचून झाल्यापासून त्यांनी ट्रंकेची किल्ली मात्र माझ्याकडं दिली.

(दृश्य : नदीकाठचा रस्ता, संध्याकाळ. ढोलांची रांग. ध्वनी : ताशाची तर्री, मग ढोलांचा पहिला ठोका.)

जून-जुलै उजाडला की पुण्यात नदीकाठी, पुलांजवळच्या मोकळ्या जागांत ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. गणपतीपर्यंत रोज संध्याकाळी. नियमाला इथं थोडी खोट होती, कारण लय मला येते. पण ढोल कमरेला बांधल्याबरोबर कळलं की लय येणं आणि ती घेऊन उभं राहणं ही दोन कामं आहेत. नवऱ्याकडं खांदे होते, ठोका नव्हता. माझ्याकडं ठोका होता, कंबर नव्हती. फिटंफाट.

एका हातात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, दुसऱ्या हातानं थाप. थापेचा हात आधी सुजतो. बोटांच्या पेरांवर चिकटपट्टी गुंडाळायची, ती घामानं सुटते, पुन्हा गुंडाळायची. सरावाआधी सगळे गोलात बसून एकमेकांची बोटं बांधत असतात. आम्हीही. लग्नात अंतरपाटापलीकडं उभं राहून जेवढं जवळचं वाटलं नव्हतं तेवढं ते वाटतं, हे मी एकदा नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “घट्ट बांधू नकोस, रक्त थांबतंय.”

ढोल ताणायचं कामही दोघांचं. एकानं दोर ओढायचा, दुसऱ्यानं तो सैल पडू द्यायचा नाही, आणि मध्येमध्ये पानावर बोट मारून आवाज बघायचा. पान म्हणजे ढोलाचं तोंड, ज्यावर वाजवतात ते. वादनात मात्र आम्हाला एकत्र उभं करत नाहीत. उंची बघून रांगा लागतात, तो मागं, मी पुढं. ताशेवाला ‘हात’, म्हणजे ठेका, बदलायची खूण देतो आणि सगळी रांग वळते. तिथं कुणाची बायको, कुणाचा नवरा, याला काही किंमत नाही. मला हे फार आवडतं.

नदीकाठी राहणाऱ्यांना या सरावाचा त्रास होतो, हेही खरं. रोज संध्याकाळी घरात अभ्यासाला बसलेलं पोर असेल, आजारी माणूस असेल, तर चीड येणारच. मी त्या खिडकीत असते तर मीही तक्रार केली असती. 2024 मध्ये हरित लवादानं एका पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं, आणि त्याला सर्वोच्च न्यायालयानं ऐन गणपतीत स्थगिती दिली. पथकात त्या दिवशी पेढे वाटले. पण आवाज आवरण्याचं काम कोर्टानं करायचं नसतं, ते वाजवणाऱ्यांनी करायचं असतं. आमच्या पथकात वेळ संपली की ताशा थांबतो आणि त्यानंतर कुणी टिपरू उचलत नाही.

अनंत चतुर्दशीला मिरवणूक मंडईजवळच्या टिळक पुतळ्यापासून निघते. पुढं मानाचा पहिला, कसबा गणपती. मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मग बाकीची मंडळं, आणि हे सगळं चोवीस तासांहून जास्त चालतं. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये ढोलाचा आवाज कोंडतो आणि छातीत वाजतो. आपण वाजवतोय की आपल्याला कुणी वाजवतंय, कळत नाही. अलका चौकात पोचेपर्यंत पोटऱ्या दगड झालेल्या असतात. तिथं कुणीतरी अनोळखी काकू पुढं होऊन तोंडात साखरफुटाणे कोंबतात, कारण आमचे हात मोकळे नसतात.

(दृश्य : घर. जमिनीवर पसरलेल्या जुन्या सुती साड्या, सुई-दोरा, कात्री.)

आता गोधडी. आम्हा दोघांनाही साधं बटण धड लावता येत नाही, म्हणजे नियमात बसतं. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि काठाकडून आत आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. टाके एकसारखे पडले पाहिजेत. दोघं दोन बाजूंनी शिवायला बसलो तर मध्ये भेटू, असा आमचा बेत आहे. नवऱ्यानं त्याची एक्सेल शीटसुद्धा केली.

शिकवणाऱ्या सासूबाई. साड्याही त्यांच्याच. परवा गावाहून गाठोडं घेऊन आल्या, सोफ्यावर बसल्या, आमच्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाल्या, “हिरवी राहू दे. ती मी अजून नेसते.”