खिडकीच्या काचेत दडलेली पाऊण मिलिमीटरची फिल्म

नमस्कार. माझ्या मागच्या सोफ्यावरची ही उशी मी आता उलटी करतो. खालची बाजू अजून गडद मोरपिशी आहे. वरची बाजूही तशीच होती, ती आता विटून राखाडी झाली आहे. गोरेगावातल्या आमच्या घराची ही खिडकी पश्चिमेची, त्यामुळे पावसाळा सोडला तर दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्यावर उतरते. धुळीमुळे आम्ही ही खिडकी बहुधा बंदच ठेवतो आणि तरीही रंग उडाला, कारण साधी काच ऊन गाळते ते अर्धवटच. म्हणून आता आम्ही तिथे दोन काचांमध्ये फिल्म असलेली लॅमिनेटेड काच बसवली आहे.

सूर्याचे जे अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतात, त्यांतील २८० ते ३१५ नॅनोमीटरचा यूव्ही-बी पट्टा साधी काच जवळजवळ पूर्ण अडवते. (बंद खिडकीआड उन्हात बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही, ते यामुळेच.) मात्र ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या यूव्ही-ए किरणांचा मोठा भाग तिच्यातून आरपार येतो, आणि कापडातल्या रंगाचे रेणू मोडायला तो पुरेसा असतो. दुकानदार ‘टफन घ्या’ म्हणतात; पण टफन म्हणजे तापवून झटकन थंड केलेली तीच काच. तिची ताकद वाढते, यूव्हीच्या बाबतीत काहीही फरक पडत नाही.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी, म्हणजे पॉलिव्हिनिल ब्युटिराल या प्लास्टिकची फिल्म असते. तिची जाडी सहसा ०.३८ किंवा ०.७६ मिलिमीटर असते आणि उष्णता व दाब देऊन ती काचांना चिकटवलेली असते. या फिल्ममध्ये मिसळलेली शोषक द्रव्ये अतिनील किरण गिळतात आणि ती ऊर्जा किंचित उष्णतेच्या रूपात सोडून देतात. त्यामुळे सुमारे ३८० नॅनोमीटरपर्यंतचे ९९ टक्क्यांहून अधिक किरण तिथेच थांबतात. गंमत अशी, की फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या अशा काचेचा हेतू फुटलेले तुकडे जागीच धरून ठेवणे एवढाच होता, आणि त्या काळी मध्ये घातले जाणारे सेल्युलोजचे प्लास्टिक उन्हाने स्वतःच पिवळे पडत असे.

आता खोलीतले दिवे बंद करतो. ही ५०० रुपयांची नोट आणि हा ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च. नोटेवरचा क्रमांक चमकतो आहे. मध्ये पाच मिलिमीटरची साधी काच धरली, तरी चमक दिसतेच. आता लॅमिनेटेड तुकडा धरतो: क्रमांक विझला. टॉर्च बाजारात मिळणारा स्वस्त, ३९५ नॅनोमीटरचा असेल, तर मात्र त्याचा प्रकाश चांगल्या लॅमिनेटेड काचेतूनही बराचसा जाईल आणि तुम्ही उगाच दुकानदाराशी भांडाल.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्या. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो असते. म्हणजे पाच मिलिमीटरच्या एका काचेऐवजी पाच अधिक पाच बसवली, तर वजन साडेबारावरून पंचवीस किलोंवर जाते, आणि जुन्या अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगचे रोलर ते पेलतीलच असे नाही. दुसरी गोष्ट मुंबईच्या हवेची. फिल्मची उघडी कड सतत ओली राहिली, तर ती कडेने पांढुरकी होऊन सुटू लागते. म्हणून चौकटीत पाणी साचू देऊ नये, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन कडेला लावू न देता न्यूट्रल सिलिकॉनच मागावे.

पारदर्शक लॅमिनेटेड काच उष्णता फारशी अडवत नाही, त्यामुळे एसीचे बिल उतरेल अशी आशा मी तरी धरत नाही. शिवाय डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग विटतात, फक्त सावकाश. म्हणून नवी काच बसल्यावरही आमचा दुपारचा पडदा गेलेला नाही. उडालेला रंग परत येत नसल्यामुळे सोफ्याला नवे कापड या आठवड्यात चढेल, आणि ही उशी पुढच्या व्हिडिओसाठी मी तशीच ठेवणार आहे.